वांग्याच्या वाफ्यातली माती

"माती कुठली भरता मावशी, पिशव्यांत?" चिमणाबाईने तपासायला आणलेलं मिरीचं रोप बादलीत खळबळून धुताना कृष्णातने विचारलं.

"परड्यातली. घरामागच्या वांग्याच्या वाफ्याची," चिमणाबाई म्हणाली.

कोल्हापुरातल्या त्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत कृष्णात दहा वर्षं काम करत होता.  धुतलेलं रोप त्याने पांढऱ्या ताटलीत आडवं ठेवलं. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या.

"वांग्याला हमखास असतो ह्यो. सूत्रकृमी म्हनत्यात. नुसत्या डोळ्याला दिसत न्हाय. मुळात शिरतो, तितंच पिल्लावळ वाढवतो. वेल दोन-तीन सालं हिरवा ऱ्हातो, मग पिवळा पडतो. बघा की." त्याने सूक्ष्मदर्शक तिच्याकडे वळवला.

चिमणाबाईने एक डोळा मिटून पाहिलं. धाग्याच्या तुकड्यासारखं काहीतरी उजेडात वळवळत होतं.

"ह्येला औषध?"

"माती सुधारता येती. पर मुळं एवढी सडल्यावर त्यो वेल काय उठत न्हाय. आनि ही रोपं जिथं लावली आसतील, तिथल्या मातीत बी गेला म्हनायचा."

नेसरीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. नवरा बाळासो गेल्यावर तिने मिरीची रोपं करून विकायला घेतली, त्याला पंधरा वर्षं झाली. माती ती डोंगराच्या अंगाची आणायची, पाट्या भरून, डोक्यावरून. पाच वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले, तेव्हा परड्यातलीच माती भरली. रोपं तशीच तरारून आली. कुणाला काही सांगावं असं त्यात काही वाटलंच नव्हतं.

घरी तिने सुनेला सगळं सांगितलं. अनुजा भाकरी थापता थापता थांबली.

"आत्ती, गप बसा. वेल वाळला तर लोक पावसाला न्हायतर उनाला नावं ठेवत्यात. तुमचं नाव कोन घेतंय?"

"म्हनूनच की," चिमणाबाई म्हणाली. पण म्हणूनच काय, ते तिलाही नीट सांगता आलं नाही.

सकाळी ती पहिल्यांदा कल्लाप्पाच्या मळ्यात गेली. त्याने नारळांच्या बुंध्यांना तिचे बावीस वेल चढवले होते. निम्मे पिवळे पडले होते. कल्लाप्पा बांधावर नारळ सोलत होता. त्याची बायको पद्मावती दगडावर धुणं धूत होती.

"या मावशी. बघा, काय झालंय तुमच्या येलांचं! हिला हजारदा सांगितलं, पानी बेतानं घाल. ऐकत न्हाय. मुळं कुजवली समदी."

पद्मावतीने मान वर केली नाही.

चिमणाबाईने त्याच्या शेजारचं खुरपं उचललं. एका वेलाच्या बुडाशी उकरलं, बोटभर मूळ तोडलं, पदराला पुसलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"कल्लाप्पाण्णा, ह्या गाठी बघा. रोग हाय ह्यो. माझ्या मातीतनं आलाय, माझ्या रोपांसंगं. पद्माक्कांच्या पान्याचा काय दोष न्हाय."

कल्लाप्पा ते मूळ बोटांत फिरवत राहिला.

"दोन वर्सं झाली," पद्मावती म्हणाली. हातातलं लुगडं तिने तसंच पाण्यात सोडलं होतं. "दोन वर्सं रोज ऐकतीया मी. पावन्यारावळ्यांम्होरं सुदिक."

कल्लाप्पाला तिच्याकडे बघवेना. मग त्याचा आवाज चढला, पण चिमणाबाईवर. "दुसऱ्याला द्यायच्या आधी मुळं बघायला काय झालतं तुम्हास्नी? डोळं न्हवतं?"

"बघाय पायजे होती. न्हाय बघितली."

"मग आता कशाला आलासा? जावा. परत ह्या मळ्यात पाऊल टाकू नगा."

"येतील," पद्मावती म्हणाली. ओले हात तिने पदराला पुसले. "बसा मावशी. च्या ठेवते."

ती आत गेली. कल्लाप्पा मूळ मुठीत धरून नारळांच्या रांगेकडे चालू लागला. चिमणाबाई चहा पिऊन निघाली, तेव्हा तो एकेका वेलाचं बूड उकरून बघत होता. 

पुढच्या चार दिवसांत ती आणखी नऊ घरं फिरली. त्यांतल्या एका घरी आकाराम मास्तरांनी सगळं वहीत लिहून घेतलं. एकीने दारातूनच परत पाठवलं. दोघांच्या मुळांना काहीच लागलं नव्हतं, तरी तिने ती पुन्हा धुऊन बघितली. पाचव्या दिवशी तिने आणि अनुजाने सावलीच्या हिरव्या जाळीखालची सहाशे रोपं उपटून जाळली.  जरा वेळाने अनुजाने सासूच्या हातातली पाटी काढून घेतली.

पंधरवड्याने हातकणंगल्याहून एक नवरा-बायको मोटारसायकलवर आले.

"मिरीची रोपं हितंच मिळत्यात न्हवं?"

"मिळत हुती. आता न्हाईत."

"पुढच्या साली?"

"माती चांगली झाली तर. पावणं, दुसरीकडनं घेतलासा तर एक रोप पिशवीतनं काढून मुळं धुऊन बघा. गाठ दिसली तर घिऊ नगा."

"एवढं फोडून कोन दावतंय, मावशी?"

"दावत नसंल तर तितनं उठायचं."

तो हसला. बाई मात्र हसली नाही. तिने पुन्हा विचारून घेतलं, गाठ केवढी असते. चिमणाबाईने करंगळीच्या नखावर दाखवली.

ती दोघं गेल्यावर ती जाळीखाली आली. पिशव्यांचे गोल ठसे जमिनीवर ओळीने उमटले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिने खराटा घेतला आणि पहिल्या ओळीपासून झाडायला सुरुवात केली.