उभी बाटली

“बियर घ्यायला आलास का पोरगी बघायला, बे?”

दुकानदार राधाकिशननं काउंटरवर हात आपटला. धुळाजीनं वर पाहिलंसुद्धा नाही. त्याची दोन बोटं बाटलीच्या मानेवर टेकली होती. मेंढीला ताप आहे का हे बघायला कानामागं बोटं टेकवावीत, तशी.

“ही उन्हात व्हती,” तो म्हणाला.

“मंग काय झाडाखाली पाळणा बांधू तिला?”

“फ्रीजमधी तू आज घातली. त्याच्या आधी लई दिवस हितं, काचंमागं व्हती. दुपारचं ऊन हितवर येतंय. आता किती बी गार कर, वास मारनार.”

“धुळ्या, तेलगावात समदे स्ट्राँग पितेत. चार घोटांत डोस्कं हाललं पायजे, बास. तुही ती माइल्ड-बिइल्ड कोन ईचारतंय? चल निघ. धंद्याच्या टायमाला पंचाईत नको करू.”

धुळाजीनं बाटली जिथून उचलली होती तिथं परत ठेवली. ताठ, लेबल समोर करून. ते बघून राधाकिशन आणखी चिडला.

बाहेर मे महिन्याचं ऊन दारात धरणं धरून बसल्यासारखं बसलं होतं. रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं. बीड जिल्ह्यातलं ऊन वरून पडत नाही. ते समोरून येतं, छाताडावर हात ठेवतं आणि म्हणतं, कुठं निघालास? धुळाजीनं टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि मोटरसायकलला किक मारली.

सकाळी अमरसिंहानं त्याला बंगल्याच्या पायरीखाली उभं केलं होतं. अमरसिंह म्हणजे गावचे पुढारी सुंदरराव यांचा थोरला मुलगा, आणि गावातल्या परमिट रूमचा एके काळचा मालक. धुळाजीची उमेदीची सगळी वर्षं त्याच परमिट रूमच्या काउंटरमागं गेली होती.

“पुन्याचे पाहुने येत्यात सांजच्याला. नव्या हाटेलात पैसा घालनारेत. त्यांला हलकी बियर लागती अन् गार लागती. घोट घेतला की मानूस ऊन इसरला पायजे. आनलीस तर तिथलं काउंटर तुहं.”

“अन् न्हाई घावली तर, मालक?”

“तर मेंढ्या हाक.”

“मेंढ्या कवाच इकल्या, मालक.”

“मंग बायकूला हाक. तिनंच बुडवलं ना आपल्याला?”

पायरीवरची माणसं हसली. धुळाजीही हसला. हसला नाही तर काउंटर जाईल, असं त्याला वाटलं.

बुडवलं होतं ते असं. दोन उन्हाळ्यांपूर्वी गावातल्या बायांनी मोर्चा काढला, तहसीलला अर्ज दिला आणि दारूबंदीचं मतदान लागलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मोर्चात छबुबाई पुढं होती आणि तिच्या खांद्याला खांदा लावून धुळाजीची बायको सारजाबाई. आडवी बाटली जिंकली. बायांनी त्याच दिवशी ओवी बांधली, आणि ती अजून पाण्याच्या रांगेत ऐकू येई:

उभी बाटली पाडली, केली आडवी बायांनी
बार धुळाजीचा गेला, डोळं पुसी उपरण्यांनी

बाटली आडवी करायची नाही, हा तर धुळाजीचा धर्म होता. “बियर उभी ठिवावी. आडवी पडली, उन्हात राह्यली, की गेली.” हे तो घरातही इतक्यांदा बोलला होता, की सारजाबाईच्या चुलीपाशी गोड्या तेलाची बाटलीसुद्धा भिंतीला पाठ लावून ताठ उभी असे.

निकालाच्या दिवशी तो घरी आला आणि दारातल्या काबऱ्या शेळीला म्हणाला, “काबरे, ईचार गं, माह्या पोटावर शिक्का कुनी मारला?”

परातीतलं पीठ मळता मळता सारजाबाईचा हात थांबला. मग ती शेळीलाच म्हणाली, “काबरे, ज्याला ईचारायचं त्यानं तोंडानं ईचारावं.”

त्या दिवसापासून नवरा-बायको एकमेकांशी बोलले नाहीत. जे बोलायचं ते काबरीला. काबरे, सांग, भाकर थापलीय. काबरे, सांग, भूक न्हाई. शेळी दोघांकडे आळीपाळीनं बघे आणि रवंथ करी. आज सकाळीही तो म्हणाला होता, “काबरे, एक वलं पोतं पायजे व्हतं.” सारजाबाईनं गोणपाट टाकीत बुचकळलं आणि त्याच्या पायापाशी असं फेकलं की पाण्याचे शिंतोडे शेळीच्या तोंडावर उडाले.

तेलगावातल्या दुसऱ्या दुकानात नुसते डबे होते, हाताला चटका देणारे. तिसऱ्यात हिरव्या बाटल्या. हिरवी बाटली ऊन अडवत नाही, आत घेते. धुळाजी धारूरच्या वाटेला लागला.

धारूरला दगडी भिंतींचं एक जुनं दुकान होतं, रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली. आत शिरताच घामावर गारवा बसला. म्हाताऱ्या मालकानं कपाळाला आठ्या घातल्या.

“हलकी? ती कोन पेतंय? मागल्या खोलीत पेटी पडलीय. न्यायची तर समदी ने. वापस घेनार न्हाई.”

मागची खोली अंधारी होती. तपकिरी बाटल्या, उभ्या. धुळाजीनं तारीख बघितली. एक फोडली. आवाज बघितला: फस्स नाही, उसासा. स्टीलच्या पेल्यात ओतली तेव्हा फेस आला, थांबला, उतरला नाही. त्यानं एक घोट घेतला. आधी जिभेला कडसर, मग धान्याचा वास, आणि मग काहीच नाही. नुसता गारवा. लहानपणी बाप त्याला मेंढ्यांमागं हिंडवून बारवेच्या शेवटच्या पायरीवर बसवायचा, तिथल्यासारखा.

“सापडली,” तो स्वतःशीच म्हणाला.

“काय सापडलं?” म्हातारा खेकसला.

पेटी त्यानं गाडीला बांधली आणि वरून गोणपाट गुंडाळलं, पुन्हा ओलं करून. घाट उतरताना झळा तोंडावर चपराकीसारख्या बसत होत्या. पण ओल्या पोत्यातून तेच वारं जात होतं आणि पोतं गार होत होतं. ऊन जितकं मारी, तितकं पोतं थंड. या वैराची त्याला गंमत वाटली. गाडी चालती राहिली पाहिजे, एवढंच. थांबली की संपलं.

नवं हॉटेल गावाच्या शिवेपलीकडं होतं, म्हणजे बंदीच्या बाहेर. पण वाट गावातून होती.

वेशीत बाया उभ्या होत्या.

राधाकिशननं गावात फोन केला असणार. छबुबाई रस्त्याच्या मधोमध, पदर खोचून. धुळाजीनं ब्रेक दाबला.

“काय घिऊन चाललास?”

“छबूमाय, गावात न्हाई इकत. शिवंच्या भाईर न्यायची हाय. सोड, उशीर व्हतोय.”

“ह्या वेशीतून बाटली जानार न्हाई.”

“पोतं वाळतंय, माय.”

“वाळू दे. माह्या रामेश्वरच्या अंगावरचं कापड बी असंच वाळलं व्हतं. तुह्या काउंटरवरून उठला अन् थेट इहिरीत गेला माहा ल्योक.”

धुळाजीनं मान खाली घातली. मग, बोलू नये ते बोलला. “मी त्याला स्ट्राँग न्हवती दिली. हलकीच दिलती.”

“हलकी दिलती? मंग हलकंच मेलं की रं माहं लेकरू.”

कोणी हललं नाही. गोणपाटाच्या कडा पांढऱ्या पडू लागल्या. बायांनी दोरी सोडली, पेटी रस्त्यावर उतरवली. मागून कुणीतरी ओवी धरली, उभी बाटली पाडली, आणि बाकीच्यांनी उचलली. सारजाबाई कडेला उभी होती. ती गात नव्हती.

“सारजे,” छबुबाई म्हणाली, “पैली तू फोड. तुह्या हातानं.”

सारजाबाई पुढं आली. तिनं एक बाटली काढली, पदरानं पुसली. धुळाजी बघत राहिला. ती फोडणार, हे त्याला दोन वर्षं ठाऊकच होतं.

तिनं ती बाटली वेशीच्या दगडावर ठेवली. उभी.

“छबुबाई, माहा शिक्का हिच्यावर व्हता.”

ओवी थांबली.

“येडी झालीस का? मोर्चात माह्या शेजारी व्हतीस तू!”

“मोर्चात व्हते. मताच्या पेटीपाशी एकलीच व्हते.”

छबुबाईचा चेहरा उतरत गेला. ती शिव्या देईल असं वाटलं, पण ती हळू आवाजात बोलली. “रामेश्वरच्या दहाव्याला माहं डोस्कं तुह्या मांडीवर व्हतं, सारजे.”

“व्हतं.”

“जा मंग. तुहा धनी घे अन् तुही बाटली घे. माह्या दारात पुना येऊ नको.”

तिनं पायानं दगडावरची बाटली लोटली. बाटली पडली, धुळीत घरंगळली, फुटली नाही. बाया बाजूला झाल्या. वाट मोकळी झाली, पण पोतं कोरडं ठक्क झालं होतं.

हॉटेलच्या मांडवात पंखे गरगरत होते. पुण्याचे पाहुणे आधीच पीत बसले होते. स्ट्राँग, पेल्यात बर्फाचे खडे टाकून.

अमरसिंहानं पेटीतली एक बाटली हातात धरली आणि टाकून दिल्यासारखी सोडली. “घोड्याचं मूत आनलंस का बे? चटका बसतोय.”

“मालक, बियर लई चांगली हाय. घटकाभर बर्फात ठिवा, मंग...”

“बर्फ टाकला की सगळी सारखीच,” पाहुणा हसून म्हणाला.

“ऐकलंस? एवढं सोपं असतंय. राधाकिशननं आनून दिली तासाभरात. काउंटर बी तोच बघंल.”

काउंटरमागं राधाकिशन होता. त्यानं धुळाजीकडे बघून बाटली मुद्दाम आडवी ठेवली. ती घरंगळू लागली, तसा धुळाजीचा हात पुढं गेला. मग त्यानं तो मागं घेतला.

दिवस मावळताना तो घरी आला. सारजाबाई रांजणापाशी बसली होती. रांजणाखालच्या ओल्या वाळूत वेशीतली ती बाटली गळ्यापर्यंत रोवलेली होती. धुळाजी उंबऱ्यावर टेकला.

“काबरे...” तो म्हणाला, आणि थांबला. शेळीनं कान टवकारले. त्यानं तोंड वळवलं.

“कावून सांगितलं न्हाई मला?”

“तुमी मला ईचारलं कवा? शेळीला ईचारलं.”

रांजणावरचं झाकण सारखं करत तीच पुढं बोलली. “मेंढ्या इकल्या. तुमच्या हाताला दुसरं काय राह्यलं व्हतं? शिक्का उचलला तवा रामेश्वरचं त्वांड दिसत व्हतं डोळ्यापुढं. तरी मारला.”

धुळाजीनं वाळूतून बाटली काढली. मानेवर दोन बोटं टेकवली. मग दोन पेले आणले. इतकी वर्षं काउंटरमागं उभं राहून त्यानं कधी घरच्या माणसाला ओतून दिली नव्हती. फेस आला, थांबला. सारजाबाईनं पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“हेच? ह्याच्यापायी?”

“हेच.”

“कडू हाय.”

“गार हाय का?”

तिनं जरा विचार केला. “गार हाय,” ती म्हणाली.

तिनं उरलेली शेळीपुढं ओतली. शेळीनं हुंगली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. घागरी, हंडे, प्लॅस्टिकचे डबे एकाला एक खेटून रांगेत लागले होते. सारजाबाईच्या घागरीच्या पुढं तेवढी जागा मोकळी होती, आणि मागंही. रात्रीतून ओवी बदलली होती. धुळाजीच्या जागी आता सारजाचं नाव बसलं होतं, आणि ते मात्रेत नीट बसत होतं.

वेशीकडून धुळाजी आला. डोक्याला टॉवेल, हातात कळशी. गावातला एकही पुरुष त्या रांगेत कधी उभा राहिला नव्हता. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. छबुबाई हसली नाही, तिनं पाठ वळवली. धुळाजीनं घागरीमागच्या मोकळ्या जागेत कळशी ठेवली. ती डगमगली, तसा खाली वाकून त्यानं तिच्या बुडाशी एक खडा लावला, आणि ती ताठ उभी राहिल्यावर उन्हात, सारजाबाईच्या मागं, आपणही उभा राहिला.