दर्ग्यातल्या भजनाचा मृदंग

मी मृदंग बोलतोय. दोन्ही गालांवर थपडा खाऊन कौतुक करवून घेणारा गावात मी एकटाच.

आमचं गाव पाथर्डीच्या अंगाचं, कोरडं. माझ्या डाव्या गालाला गव्हाची ओली कणीक थापली तरच तो घुमतो. बहात्तरच्या दुष्काळात गहू मिळेना, रेशनवर आला लाल मिलो, परदेशी ज्वारी. माझा वादक कारभारी तेच पीठ थापायचा. ते वाळून गळून पडायचं आणि मी पडसं झाल्यासारखा बोलायचो.

त्यातच विहिरीवर आधी बादली कुणाची, यावरून कारभारी आणि त्याचा मेहुणा रंगनाथ यांची जुंपली. डोकी फुटली, भजनी मंडळही फुटलं. मी कारभारीकडे राहिलो, टाळ रंगनाथकडे गेले. दोन्हीकडची भजनं ऐकून कुत्रीसुद्धा उठून जायची.

खरे हाल झाले साळूबाईचे. कारभारीची बायको ती, रंगनाथची बहीण. माहेर पलीकडच्या आळीत, पण जायची बंदी. भाऊबीजेला ती ओवाळणीचं ताट मांडीवर घेऊन माझ्याशेजारी रडत बसली. मला फार वाईट वाटलं, पण कुणी वाजवल्याशिवाय मला बोलता कुठे येतं?

पिराचा उरूस आला. दर्ग्यात भजन आमच्याच मंडळाने करायचं, ही पूर्वापार रीत. चाँदभाई मुजावर बिलंदर माणूस. त्याने दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं, की दुसरा काही येणार नाही. झालं, दोघेही हजर. पिराच्या दारातून माघारी कोण जाणार? तोंडं फिरवून बसले. चाँदभाईने पिराच्या मलिद्यासाठी राखलेल्या गव्हाच्या कणकेतला गोळा माझ्या गालावर थापला, आणि मी असा घुमलो, की माझाच मला हेवा वाटला.

भजन संपलं की आमच्यात सगळे एकमेकांच्या पाया पडतात, समोर कोण हे न बघता. सवयीने कारभारी वाकला, सवयीने रंगनाथही वाकला, आणि दोघांची टाळकी खाडकन आपटली. बघतात तर हातात वैऱ्याचे पाय. आता आधी उठेल तो हरला, म्हणून दोघेही तसेच ओणवे.

बायकांतून साळूबाई पुढे आली.

"उठायचं न्हाई कुनी. आधी सांगा, मी माह्यारी कवा जाऊ?"

"आत्ताच जा की," कारभारी रंगनाथच्या पायांशी पुटपुटला.

"दाजी, तुमीबी चला," रंगनाथ खालूनच म्हणाला.

आता माझ्या उजव्या गालावरची शाई उडालीय, कातडी वाद्या सैल पडल्यात. गावात भांडणं अजून होतात, ती काही मला थांबवता यायची नाहीत. जाता जाता एवढंच मागतो, बाबांनो. भांडा हवं तेवढं, पण भजनाला एकत्र बसा. पुढचं तुमच्या कंबरेला ठाऊक आहे.