हिरव्या लुगड्याची स्लाइड

“यायच्यात आमचे दादाजी कुठी हायेत?” खिडकीच्या उजेडापुढे एकेक स्लाइड धरत मधुसूदनरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“फोटो त्यायनंच काढले ना?” मनकर्णा म्हणाली. “मंग ते त्याच्यात कसे दिसतीन?”

मधुसूदनरावांनी तीच स्लाइड पुन्हा उजेडापुढे धरली. एवढी साधी गोष्ट मालगुजाराच्या लेकाच्या डोक्यात शिरायला वेळ लागतोय, हे पाहून मनकर्णाला मनातून बरं वाटलं. त्यांच्या वडिलांची, म्हणजे दादाजींची, पंच्याहत्तरी होती. मंडपात पडदा लावून त्यांच्याच जुन्या स्लाइड दाखवायच्या, असं घरात ठरलं होतं. मग कळलं की सगळे डबे दोन वर्षांपूर्वी माळा आवरताना इतवारीतल्या रद्दीवाल्याकडे गेले. रद्दीवाल्याने मनकर्णाचा पत्ता दिला.

मनकर्णा सायन्स कॉलेजच्या फोटो विभागात एकोणीस वर्षं नोकरीला होती. प्राध्यापकांसाठी बोंडअळ्या आणि भुंग्यांचे पाय यांचे फोटो काढायचे, हे तिचं काम. उरलेल्या वेळात ती रद्दीतून लोकांच्या रंगीत स्लाइड आणायची. नागपूरच्या उन्हाने त्यांचे रंग उडत, पावसाळ्यात बुरशी धरे. ती कापसाच्या बोळ्याने एकेक पुसायची, खालून दिवा लावून तिची साध्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर नक्कल उतरवायची आणि ओळीने लावून ठेवायची. सात हजार झाल्या होत्या. त्यांतल्या एकाही माणसाला ती ओळखत नव्हती आणि काढणाऱ्यांपैकी एकाबद्दलही तिला आदर नव्हता. कुठे ताजमहाल कलंडलेला, कुठे बायकोचं डोकं उडालेलं. कुठे मोटारीवर हात टेकून साहेब असे उभे, की जणू मोटार त्यांनीच ओतून घडवली. पैसा होता, परदेशी कॅमेरा होता, नजर तेवढी नव्हती.

“मंग जमवता कायले?” मधुसूदनरावांनी विचारलं.

“तुमी फेकता म्हणून.”

त्यांनी अखेर चार स्लाइड निवडल्या. चारींतही दादाजींची फक्त सावली होती. सूर्य पाठीशी घेऊन उभं राहायचं, एवढंच त्यांना कुणीतरी शिकवलेलं असावं.

“ही तं सुभद्री!” पाचवी उचलत मधुसूदनराव म्हणाले. “आमच्या मळ्यावर संत्री तोडे. जित्ती हाय अजून, गावातच. हिले कोन पाह्यते?” त्यांनी ती केराच्या टोपलीत टाकली आणि चप्पल घातली.

ते गेल्यावर मनकर्णाने ती आधी बाहेर काढली. सात हजारांत तिला खरोखर आवडलेली ती एकच होती. संत्र्याच्या झाडाखाली एक तरुण बाई, अंगावर हिरवंगार लुगडं, कमरेवर टोपली आणि मान अशी ताठ, की मळा तिचाच असावा. या एका स्लाइडसाठी मनकर्णाने मालगुजाराला मनातल्या मनात माफ केलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिने त्या स्लाइडचा मोठा काळा-पांढरा प्रिंट वहीत घातला आणि नरखेडची एसटी पकडली. पुढे मालगुजाराच्या गावापर्यंत दोन कोस पायी. सुभद्रा अंगणात तूर पाखडत बसली होती. केस पिकलेले, मान मात्र तीच.

“सुभद्राबाई तुमीच का?”

“बाई म्हन्नारी तूच पयली,” म्हातारी म्हणाली आणि सूप खाली ठेवलं.

प्रिंट तिने दोन्ही हातांत धरला.

“लुगडं हिरवं व्हतं हे.”

“हो! आठवते तुमाले?” मनकर्णा हरखली.

“आठवन नाही तं काय? मालकिनीचं व्हतं. फोटोपुरतं मले नेसवलं. मले वाटलं, देल्लं. फोटो झाला अन् झाडामागं उभं करून सोडून घेतलं. माह्यं जुनं तवरक गड्यानं टोपल्या बांधाले फाडलं व्हतं. सांजवरी गोनपाट गुंडाळून बसली मी झाडामागं. अंधार पडल्यावर घरी आली.”

मनकर्णाने पुन्हा प्रिंटकडे पाहिलं. ती ताठ मान, ती ऐट. लुगडं आपल्याला मिळालं, असं वाटत असतानाची होती ती.

“अन् तू हा घरात ठेवला?”

“हो. दोन वर्सं झाली.”

“काहून वं?”

मधुसूदनरावांना दिलेलं उत्तर इथे चालण्यासारखं नव्हतं. “चांगला वाटला म्हणून,” मनकर्णा हळूच म्हणाली.

“मालकालेबी चांगलाच वाटला व्हता,” सुभद्रा म्हणाली.

ती उठली, चुलीपाशी गेली, चहाचं आधण ठेवलं आणि प्रिंट दुमडून लाकडांमध्ये सारला. कागद फुगला, आक्रसला, काळा झाला. मनकर्णाने आजवर एकही फोटो फेकला नव्हता. तिने पर्समधून स्लाइड काढली.

“हा असली हाय. हाबी तुमचाच.”

“तूच टाक,” सुभद्रा म्हणाली. “तूच आनला.”

मनकर्णाने ती चुलीत टाकली. घरी तिची नक्कल होती. ती कात्रीने कापायची, हे तिने तिथेच ठरवलं. घरात दांडीचा कप एकच होता. तो सुभद्राने तिला दिला आणि स्वतः वाटीतून चहा प्याली. मग दोघी तुरीचं बोलल्या, उन्हाचं बोलल्या. फोटोचं कुणीच काढलं नाही.

परतीच्या एसटीत तिला खिडकी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मृगाच्या बहाराच्या संत्र्यांची तोड चालली होती. फाट्यावर गाडी थांबली तेव्हा शिडीवरच्या एका तरण्या बाईने संत्रं तोडता तोडता मान वळवून खिडकीकडे पाहिलं. ऊन बरोबर तिच्या चेहऱ्यावर होतं. मनकर्णाने नजर खाली घेतली आणि गाडी हलेपर्यंत ती आपल्या मांडीवरच्या हातांकडेच बघत राहिली.