माझ्या पात्यांत आलेलं माहेरचं कापड

मित्रांनो, आधी हात मागे घ्या बघू. माझी पाती अजून धारदार आहेत आणि कालच मला तेल मिळालं आहे. मी शिवणाची कातर. वयानं जुनी, अंगानं दणकट, काळ्या मुठीची. डिचोलीच्या बाजारापासून थोडं वर, चढावावर एक कौलारू घर आहे. त्या घरात माझी हयात गेली. दोन पाती, एक खिळा आणि एकच काम, हिच्याकडे सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत असे. पण देवा महाराजा, माझ्याकडून जे कापून घेतलं गेलं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

पहिला धक्का मला जन्मतःच बसला. दूर उत्तरेत मेरठला एका भट्टीत मला जाग आली, तेव्हा कळलं की माझं पोलाद आधी एका ट्रकची कमान होतं. म्हणजे मी वर्षानुवर्षं ओझं वाहिलं होतं आणि आता मला नाजूक काम करायचं होतं! कारागिरानं मला ठोकलं, घासलं, पाती जुळवली आणि चिंधीवर चालवून पाहिली. चिंधी सरळ कापली गेली. तो हसला आणि मी पोत्यात गेले.

गोवा मुक्त होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी एका गोणपाटावर पडले होते. सुमंगला नावाची एक नवी नवरी आली. तिनं मला उचलून कानाशी धरलं आणि उघडमीट केली. चांगल्या कातरीचा आवाज ओळखणारी बाई मी तेव्हा प्रथमच पाहिली. घरी नेल्यावर तिनं सगळ्यांना दम भरला, "ही फक्त कापडाची कातर. कागदाला लावाल तर याद राखा!"

खरं आहे ते, मित्रांनो. कागदानं आमची धार जाते. पण ऐकतो कोण? तिचा नवरा शिवदास खाणीवर ट्रक चालवी. एका सकाळी त्यानं मला गुपचूप उचललं, आरशासमोर उभा राहिला आणि माझ्याकडून मिशी कापून घेतली. मिशी! अंगावर काटा आला माझ्या. दुसऱ्या दिवशी सायकलची ट्यूब. सुमंगलेला वास आला तेव्हा तिनं त्याची अशी हजेरी घेतली की तो महिनाभर माझ्याकडे बघायला धजला नाही.

बाकी ते दिवस सुखाचे होते. सुमंगला काही वाया घालवत नसे. शिवदासच्या खाकी पँटचे गुडघे फाटले की पायांच्या दोन पिशव्या होत. मोडक्या छत्रीचं काळं कापड काडीवरून सोडवून ती दप्तराला पावसाळी खोळ शिवी. उरलेल्या तुकड्यांची, मध्ये जुनं गोणपाट घालून, गरम टोप उतरायची फडकी. शेजारणी विचारत, "गो सुमंगले, इतकं सरळ कसं कापतेस?" ती म्हणे, "माझं काय त्यात, कातर चांगली." हे ऐकून मी दिवसभर फुगून असे.

घरात शिवदासची काकी होती, पार्वतीकाकी. तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही, कायम पांढऱ्या लुगड्यात. तिचं माहेर पेडण्याकडचं, समुद्रकाठचं मांद्रे. माहेरी एकटा भाऊ होता, धाकू. त्यानं लग्न केलं नाही, होडीवरच जगला आणि होडीवरच म्हातारा होऊन गेला. त्याच्यामागे ते घरही बंद झालं.

आणि रोज पहाटे दारात येई कायतान पोदेर. पोदेर म्हणजे पाववाला. सायकलवर टोपली, हँडलला रबरी भोंगा. पों पों वाजलं की गल्ली जागी होई. लोक फाटकाच्या खिळ्याला कापडी पिशवी अडकवून ठेवत, तो तिच्यात पाव आणि उंडे, म्हणजे कडक गोल पाव, टाकून पुढे जाई. पार्वतीकाकी मात्र पावाला शिवत नसे. तिच्या लहानपणी मोठ्यांनी घातलेली भीती होती ती, पाव खाल्ला की माणूस बाटतो. पोरांनी ओसरीवर बसून खावं, चुलीपाशी आणायचा नाही, हा तिचा दंडक.

गंमत बघा, तरी रोज पहाटे ती फाटकाशी उभी असे. कारण कायतान मांद्र्याचा होता. दर आठवड्याला तो गावी जाई आणि बातम्या आणी. कुणाचा माड पडला, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, तिच्या बंद घराच्या अंगणात कोणतं झाड वाढलं.

"मेल्या कायताना, आज उशीर?" ती ओरडे.

"पाव खायनास आनी घड्याळ बघतास?" तो हसे.

"तुझो पाव तुकाच लखलाभ. गावची खबर सांग."

तर ऐका आता. सुमंगलेची मुलगी कमलाक्षी पाचवीत गेली. शाळेत शिवणाच्या तासाला बाईंनी सांगितलं, घरात उपयोगी पडेल अशी एक वस्तू शिवून आणा, पांढऱ्या कापडाची, म्हणजे टाके दिसतील. कमलाक्षीनं ठरवलं, पावाची पिशवी. घरची पिशवी विटलीच होती.

"आई, कापड?"

सुमंगला मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, "काकीच्या पेटीत जुनं पांढरं लुगडं आहे. सांगितलंय तिनं, ते घे म्हणून."

खोटं नव्हतं ते. पण पार्वतीकाकीच्या पेटीत सगळंच पांढरं! काकी त्या दुपारी देवळात गेली होती. कमलाक्षीनं पेटी उघडली. फाटकं लुगडं वरच होतं, पण विरलेलं. त्यावर टाका कसा बसणार? खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कोरं कापड होतं, पाच हात, काठाला निळा धागा, घडी न मोडलेलं. तिनं ते झटकलं तेव्हा सुकी तुळशीची पानं जमिनीवर पडली. कसर लागू नये म्हणून ठेवली असतील, असं ती स्वतःशीच म्हणाली.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. मित्रांनो, कसरीसाठी तुळस कोण ठेवतं? पण कळून तरी काय उपयोग? आम्हाला तोंड आहे, बोलता येत नाही. पोरीनं खडूनं रेघ मारली आणि मी चालले. कच, कच, कच. कापड इतकं चांगलं होतं की, लाज वाटते सांगायला, मला मजा आली.

पोरीनं पिशवी सुरेख शिवली. तुकडा दुमडून दोन्ही बाजूंना धावदोरा, मग उलटटीप. वरची कड दुमडून नाडीला वाट, आणि सेफ्टी पिन अडकवून नाडी आत सरकवली. तळाशी लाल दोऱ्यानं कमळ काढलं. शाळेत न्यायच्या आधी एकदा वापरून बघावी म्हणून संध्याकाळी तिनं ती फाटकाच्या खिळ्याला अडकवली. दोरे कापून झाल्यावर मलाही ती ओसरीच्या कठड्यावरच विसरली.

पहाटे पों पों वाजलं. कायताननं पाच पाव आणि दोन उंडे पिशवीत सोडले. गरम होते, कापडावर वाफेचा डाग उमटला. पार्वतीकाकी नेहमीप्रमाणे आली. पिशवी पाहिली. हातात धरली. काठाचा निळा धागा तिनं बोटानं चाचपला.

"ह्या कापड खंयसून हाडलां?"

कमलाक्षी डोळे चोळत बाहेर आली. "तुझ्या पेटीतलं, आजी. आईनं सांगितलेलं."

काकी मटकन खाली बसली.

"धाकून दिलेला तां," ती म्हणाली. "माज्या मरणाचा. मागीर आपण आसूं ना आसूं म्हणून भावान आदीच दिलेला. माहेरचा कापड ता! त्यात तुमी पाव घातलो?"

मी गारठले. बाई गेली की शेवटचं वस्त्र माहेरानं घालायचं, ही आमच्याकडची रीत. ज्या बाईवर माहेरचं वस्त्र पडत नाही, तिला कुणी नव्हतं असं लोक म्हणतात. काकीला आयुष्यभर तीच एक धास्ती होती, आणि धाकूनं मरायच्या वर्षी ती दूर केली होती. आणि मी ते कापलं. मी!

फाटकाशीच थांबलेल्या कायतानच्या हातातला पुढच्या घरचा उंडा खाली पडला. त्यानं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस केला आणि देवाची क्षमा मागितली. "सायबा भोगस! बाये, म्हाका खबर नासली."

सुमंगला धावत आली. कमलाक्षी तर हुंदके देत टाके उसवायलाच बसली. "मी परत जोडते आजी, जसंच्या तसं जोडते!" तिनं उसवलं, मापात लावलं, इतक्या बारीक टाक्यांनी जोडलं की शिवण शोधावी लागे. काकीनं ते पाहिलं आणि डोळे मिटले. "नाय गे चेडवा. शिवलेला कापड त्या कामाक चलना. अखंड लागता."

झालं! जोडायला जावं तर जोडच आड येतो. पोरीनं ते ऐकलं आणि जेवण सोडलं. काकीनं तिला जवळ घेतलं, घास भरवला, एक शब्द वावगा बोलली नाही. पण मला पाहून तिनं तोंड फिरवलं. "ती कातर माज्या नजरेसमोर नको." शिवदासनं मला फाटकाजवळच्या लाकडांच्या खोपीत, वाशाच्या खाचेत खुपसून ठेवलं. तिथं पावसाळी वारा येई. पहिल्याच आठवड्यात मला गंज चढला. अन्याय झाला असं वाटून मी खूप कुढले. मग वाटलं, गंजू दे.

काकी फाटकाशी यायची बंद झाली. कायतान भोंगा वाजवी, थोडा थांबे, निघून जाई. पिशवी परत जुनीच लागली.

दोन रविवार गेले. सोमवारी तो आला तेव्हा टोपलीत पाव नव्हते. कागदात बांधलेलं काहीतरी होतं. तो भोंगा वाजवत राहिला, शेवटी काकी चिडून बाहेर आली.

"कित्याक बोंबलतास?"

"मांद्र्याक गेल्लों. तुज्या घरामागच्या वाटेर दुकान आसा, थंयचें कापड. कोणे कातर लावंक ना. हातान फाडून दिलां. पांच हात."

खोपीतून मी ऐकत होते. हा पोदेर, हिच्या मरणाचं कापड घेऊन आला?

काकीचा चेहरा कडक झाला. "तू कोण माका कापड दिवपी? तुझ्या हातचो पाव मी कधी खाल्लंय?"

"खावं नाका." त्यानं टोपी काढली. "म्हजो बापूय तुज्या भावाच्या होडयेंत वांगडा आसलो. दर्यांत दोगूय एकाच ताटांत जेवले. तूं मांद्र्याची, हांव मांद्र्याचो. माहेर म्हळ्यार आनी कितें आसता, बाये?"

मला वाटलं, आता ही दार लावून घेणार. ती पायऱ्या उतरली. एक, दोन, तीन. फाटकापाशी आली आणि तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला, ओटी घ्यायला पसरतात तसा. चाळीस वर्षांत त्या बाईची ओटी कुणी भरली नव्हती. कायताननं कापड पदरात घातलं. मग ती रडली, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशी. आणि मित्रांनो, डोळे असते तर गंजाची पर्वा न करता मीही रडले असते.

त्यानंतर चार वर्षांनी काकी गेली. ओसरीवर माणसं जमली होती. वाड्यावरचे वडीलधारे गोकुळदास यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "माहेरचं कोण आहे?"

कमलाक्षी आता मोठी झाली होती. तिनं आतून कापड आणलं, तुळशीची पानं त्यात नीट ठेवलेली. "हे आहे माहेरचं."

"दिलं कोणी?"

फाटकाबाहेर सायकल धरून कायतान उभा होता. "हांवें," तो म्हणाला.

गोकुळदासांची मान एकदा कापडाकडे, एकदा त्याच्याकडे वळली. नाही म्हणतील, असं मला वाटलं. पाववाला कधी त्या घराची ओसरी चढला नव्हता. मग म्हातारे खाकरले. "मग तिथं काय उभा राहिलास? माहेरच्या माणसानंच घालायचं असतं. वर ये."

कायताननं सायकल माझ्या खोपीला टेकवली आणि तो पायऱ्या चढला.

चार दिवसांनी कमलाक्षीनं मला खोपीतून काढलं, रॉकेलमध्ये बुडवलं, घासलं, धार लावून आणली. त्याला कित्येक वर्षं झाली; आता ती मुलांना शिवण शिकवते. मी तिच्या टेबलावर असते. तिच्या वर्गात पहिला धडा टाक्याचा नाही. मूल कापड घेऊन आलं की ती विचारते, "हे कुणाचं? त्यांना विचारलंस?" विचारलं नसेल तर मूल परत घरी जातं, मी मिटलेली राहते.

मित्रांनो, पिशव्या शिवा, रुमाल शिवा, चिंध्यांच्या बाहुल्या करा. मला कागदाला लावू नका, महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्या. पण पेटीच्या तळाशी नीट घडी करून ठेवलेलं काही सापडलं, तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि हे कशासाठी ठेवलंय ते विचारा. मी तोपर्यंत थांबते. मला घाई नाही.