अजगर चालू असतो तेव्हा

आमच्या घरी थीम पार्कला जायचं म्हणजे कामाची वाटणी ठरलेली. नातवंडं पाळण्यात बसणार, सून फोटो काढणार, मी सावली शोधणार आणि ही सगळ्यांच्या पिशव्या, चष्मे, टोप्या सांभाळत खाली उभी राहणार. ‘तू बसतेस का?’ असं तिला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही. खुंटीला कोणी विचारतं का?

गेल्या खेपेला ‘अजगर’ नावाच्या रोलर कोस्टरखाली उभ्या उभ्या हिने तिथली पाटी वाचली. पासष्ट पूर्ण झालेल्यांना प्रवेश नाही. घरी आल्यावर पिशव्या सोफ्यावर टाकून म्हणाली, “येत्या थंडीत मला पासष्ट पुरी होतात. त्याआधी मी अजगरात बसणार.”

मी पासष्टी केव्हाच ओलांडलेली. म्हातारपणाला लोक उगाच नावं ठेवतात.

बसायचं हे ठरलं, पण कधी? घरात बैठक भरली.

“उन्हाळा नको हं आई, डोकं धरेल,” सून म्हणाली.

“पावसाळाही नको. निसरडं असतं,” मी म्हणालो.

“तुम्ही खाली बाकावर बसणार. बाकावरून घसरणार आहात का?” ही म्हणाली.

“हे माझ्यावर सोडा,” थोरला म्हणाला. तो दवाखान्यात नर्सबाईंच्या पाळ्या लावतो. कोणी कधी रजेवर जायचं हे ठरवून ठरवून, जगातल्या माणसांनी एकाच वेळी घराबाहेर पडूच नये असं त्याचं मत झालंय. त्याने निकाल दिला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या की पहिला मंगळवार. “चिटपाखरू नसेल तिथे!”

खरंच नव्हतं. पार्कातला विदूषक आम्हाला बघून इतका हरखला की आमच्या मागेमागेच हिंडायला लागला. ही नवे बूट घालून, केस घट्ट बांधून थेट अजगराकडे निघाली. अजगर उघडा पडला होता. डबे खाली उतरवलेले, चाकं ताडपत्रीवर मांडलेली आणि मधोमध वंगणाने माखलेला मिस्त्री.

“दादा, कधी चालू होणार?”

“वेळ लागेल मावशी. गर्दी नसते ना, म्हणून तर आत्ता खोललाय.”

ही सावकाश थोरल्याकडे वळली. “काय रे, तुमच्याकडे ऑपरेशनची खोली रंगवायला कधी काढता?”

“पेशंट कमी असतात तेव्हा.”

“आणि ते ठरवतं कोण?”

“मीच,” थोरला म्हणाला आणि ताडपत्रीवरची चाकं फार लक्ष देऊन बघायला लागला.

हिने पुन्हा मिस्त्रीला गाठलं. “मग हा हमखास चालू कधी असतो?”

“वर्षअखेरच्या सुट्टीत. तेव्हा बंद राहिला तर मालक आम्हालाच रुळावर बांधतील. पण मावशी, मुंगीला पाय ठेवायला जागा नसते.”

“मुंगीला कुठे बसायचंय?”

परतताना गाडीत थोरल्याने एकदा तोंड उघडून पाहिलं. “आई, ती वर्षातली सगळ्यात वाईट वेळ असते गं.”

“तुझ्यासाठी. तुला गर्दी चुकवायचीये, मला अजगर गाठायचाय. गर्दी आहे म्हणजे तो चालू आहे. संपलं.”

वर्षअखेरीला आम्ही गेलो. मिस्त्री खोटं बोलला नव्हता. अजगराच्या रांगेचं शेपूट पार वाहनतळापर्यंत आलेलं. आधी नातवंडं आइस्क्रीमच्या बाजूला पांगली, त्यांच्यामागे सून गेली. थोरला पाठ धरून कठड्यावर टेकला. मी नियमाने आधीच बाद. रांगेत ही एकटी.

एक तरुण मागून घुसायला लागला. “आजी, जरा जाऊ द्या, आमची माणसं पुढे आहेत.”

“माझी मागे दमून बसलीत. तू त्यांच्यात जाऊन बस.”

तो गेला नाही, पण पुढेही सरकला नाही.

फाटकावरच्या मुलीने हिला आपादमस्तक न्याहाळलं. “आजी, वय?” हिने ओळखपत्र पुढे केलं. मुलीने ते उलटसुलट करून पाहिलं, बोटांवर हिशेब केला. मी कठड्याबाहेरून मान उंचावून बघत होतो.

“पुढच्या महिन्यात नाही हं बसता येणार.”

“म्हणून तर आत्ता आलेय. लाव तो दांडा.”

ही डब्यात बसली आणि मांडीवरचा दांडा खटकन लागला. अजगर कुरकुरत चढणीवर गेला, टोकाला क्षणभर थबकला आणि कोसळला. हिचा आवाज हजारांत ओळखू येईल, अशी संसारभर माझी खात्री. त्या किंकाळ्यांत मी तो शोधत राहिलो. एक आवाज सगळ्यांच्या वर होता, खिदळणारा, शाळेतल्या मुलीसारखा. ती हीच, हे मला तिसऱ्या वळणावर कळलं. तसं हसताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं.

खाली उतरली तेव्हा केस चारी दिशांना. थोरला धावला. “कसं वाटलं, आई?”

“मधल्या डब्यात बसवलं मेल्यांनी. सगळा वेळ पुढच्याचं टक्कल बघत गेले.” तिने पदर खोचला. “पहिल्या डब्याची रांग कुठली?”

थोरल्याने बोट दाखवलं. ती रांग पहिलीच्या दुप्पट होती. ही तिकडे चालायलाही लागली होती.