माझं झाकण कुणी लिंपलं?

बाहेरून सारवायचं आणि आत काजळी साठू द्यायची, ही तुमची जुनी खोड आहे. मी कुणाचं नाव घेत नाही. ज्याला लागेल त्याने खुशाल रागवावं. पण तुमच्या या टापटिपीपायी एका पोरीचे डोळे जाणार होते, हे सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

मी धुराडं बोलतोय. दहिवडीच्या पुढे, माण तालुक्यातल्या एका वाडीत, नानासो आणि भामाबाई या नवराबायकोच्या स्वयंपाकाच्या छपरात चुलीमागे उभा असतो.

माझा जन्म १९६२ सालचा, जोतीराम कुंभाराच्या चाकावरचा. सरकारने तेव्हा बिनधुराच्या चुलींचं मनावर घेतलं होतं. ग्रामसेवकाने कागदावर माझं चित्र काढून दिलं. जोतीरामाने ते उलटं धरलं, सुलटं धरलं आणि विचारलं, "बूड न्हाई, काठ न्हाई. ह्यात ठिवायचं काय?"

"धूर."

"धुराला भांडं कशाला लागतंय? आमच्या घरात तो तसाच ऱ्हातोय की!"

तरी त्या भल्या माणसाने चार नळ्या घडवल्या, भाजल्या. सगळ्यात खालच्या नळीला वीतभर भोक ठेवून त्याला झाकणही केलं. काजळी काढायला.

मला बसवलं त्या दिवशी जीपमधून साहेब आले. नारळ फुटला, मला झेंडूचा हार पडला, फोटो निघाला. मग साहेबांनी मला दर महिन्याला साफ कसं करायचं यावर व्याख्यान दिलं. कुठे? चावडीवर. कुणाला? ज्यांनी जन्मात चुलीत काटकी सरकवली नव्हती अशा तीस फेटेवाल्यांना! नानासो पहिल्या रांगेत मान हलवत होते. ती झोपेने हलत होती. ज्यांना मला वापरायचं होतं त्या बायका दाराआडून जीप बघत होत्या. असा हा देश सुधारतोय.

भामाबाई मात्र स्वच्छतेची भारी भोक्त्री. दर शनिवारी चूल, भिंत आणि मी, सगळं शेणाने सारवून काढायची. उभा जन्म धूर खाऊन तिच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. माणूस ती आवाजावरून ओळखायची. पण तिच्या हाताला झाकणाची फट लागली. फट म्हणजे उंदराला आमंत्रण. तिने ती बुजवली. पुढच्या शनिवारी आणखी एक हात. सहा महिन्यांत माझं झाकण भिंतीत जमा झालं. बाहेरून मी लग्नघरासारखा नटलेला, आत मात्र काळा थर चढतोय. वर्षभरात धूर वर जायचा सोडून चुलीच्या तोंडातून घरात परतू लागला.

आणि पठ्ठ्या नानासोंनी मुलासाठी मुलगी बघायला जाऊन बढाई कुणाची मारावी? माझी! "आमच्यात धुराडं हाय. पोरीला धूर म्हून लागायचा न्हाई."

जाईबाई सून होऊन आली, पहिल्या दिवशी तिने चूल पेटवली आणि मी सगळा धूर तिच्या तोंडावर ओकलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभरात तिचे डोळे सुजून लाल झाले. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत. सासूचा हात धरून तिला अंगणात नेताना जाईबाई तिच्या डोळ्यांकडे बघत राही. आपलं पुढचं तिला दिसत होतं.

एके सकाळी तिने तुरकाठ्यांचा जाळ मोठा केला आणि माझ्या घशातली काजळीच पेटली. मी आगगाडीच्या इंजिनासारखा घोरू लागलो. डोक्यातून ठिणग्या उडतायत आणि डोक्याभोवती छपराचं वाळलं गवत! नानासो बाहेर पळाले आणि देवाला हाका मारू लागले. देव काही आला नाही. जाईबाईने पोतं हंड्यात बुचकळलं आणि चुलीच्या तोंडावर दाबून धरलं. वारा तुटला, आग गुदमरली. शेजाऱ्यांनी छपरावर पाणी मारलं.

आग विझल्यावर नानासोंना शौर्य चढलं. "पहार आणा रं! पाडा हे भूत! आमच्या आईनं उघड्या चुलीवरच रांधलं की."

"मामंजी," पदराआडून जाईबाई बोलली, "आत्याबाईंच्या डोळ्यांकडं बगा. आता माजी पाळी हाय व्हय?"

नानासोंनी बघितलं. बहुधा कैक वर्षांत पहिल्यांदाच. "दुपारपतूर ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

जाईबाई तडक जोतीरामाला घेऊन आली.

"झाकण कवा काढलं व्हतं?" त्याने विचारलं.

"कसलं झाकण?" जाईबाई म्हणाली.

जोतीरामाने कपाळावर हात मारला. माझ्या अंगावर बोटाने ठकठक करत तो वरून खाली आला. एका जागी आवाज पोकळ आला. त्याने खुरपं घातलं तशी भामाबाई कडाडली, "आरं मुडद्या, माजं सारवान! पन्नास शनवारांचं हाय ते!"

"वयनी, पन्नास न्हाई, शंभर पापुद्रं हायती. मोजून देऊ का?"

झाकण निघालं. जोतीराम छपरावर चढला, दोरीला बाभळीचं झुडूप बांधून माझ्या घशात सोडलं. जाईबाईने खालून ओढलं. दोन पाट्या काजळी पडली. भामाबाईने त्या काळ्या ढिगात हात घातला, मूठभर काजळी उचलून बोटांत चोळली.

"हे समदं आमी गिळत व्हतो व्हय?"

याला दीड महिना झाला. दर अमावास्येला जाईबाई माझं झाकण काढते. भामाबाई सारवते, पण झाकणाभोवती चार बोटं जागा सोडून. तिची नजर आता परत येणार नाही. ते मलाही जमायचं नाही, साहेबांनाही. तुमच्या घरी माझं भावंड असेल तर उठा, त्याचं झाकण शोधा. आणि व्याख्यान द्यायचंच असेल, तर चुलीपाशी बसून द्या.

काल सकाळी शेजारची रंगूबाई विस्तव न्यायला आली. जाईबाईने वर बघितलं, तशी ती उंबऱ्यातच थबकली. म्हणाली, "आगं बया! भामाबाय, तुमच्या सुनंचं डोळं घारं हायती व्हय? वरीस झालं, आमाला वाटलं लालच हायती!"