जारचं पाणी आणि माझी अठरा पिल्लं

मी बोलतेय, पण तोंड मिटून. माझ्या तोंडात अठरा पिल्लं आहेत. आधी वीस होती. त्या दोघांचं पुढं सांगते.

मी पिवळी आफ्रिकन सिक्लिड मासोळी. माझ्या पूर्वजांचं तळं आफ्रिकेत, खडकाळ आणि क्षाराच्या पाण्याचं. मी जन्मले मात्र नवीन जालन्यात, महेमूदभाईंच्या दुकानातल्या टँकमध्ये. ज्या बोअरच्या पाण्यानं इथल्या पातेल्यांवर पांढरा थर चढतो, तेच आम्हाला मानवतं. आमच्यात आई अंडी तोंडात सांभाळते. पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत, तीन आठवडे, ती घास घेत नाही.

राधाकिसनभाऊंनी आम्हा चौघांना, तीन पिवळ्या माद्यांना आणि एका निळ्या नराला, घरी न्यायला विकत घेतलं तेव्हा महेमूदभाई म्हणाले, "बोअरचंच पाणी टाका भाऊ. आन् दगड बराबर ठेवा. लपायला जागा न्हाई मिळाली तर एकमेकाला मारतेत हे."

दगड आठ दिवस राहिले. मग टेंभुर्णीहून भाऊंचे मेहुणे सुग्रीव मुक्कामाला आले.

"दाजी, मासे कुठंयत? दगडं बघायला आणलेत का तुम्ही?"

दगड अंगणात गेले. आता निळ्या नराला सगळा टँक मोकळा आणि आम्हाला आडोसा कुठंच नाही. त्यानं आमच्या शेपट्या कुरतडल्या. सुग्रीवनी खुर्ची पुढं ओढली, चिवड्याच्या तेलकट बोटानं काच वाजवली आणि म्हणाले, "टीव्ही बंद करा दाजी. हेच बघू."

येणारा-जाणारा म्हणायचा, काय रंग आहे. अहो, नर रागानं पेटला की तसा निळा दिसतो. तुम्हाला हौस त्या रागाची. वर कुणी शेंगदाणा टाकतो, कुणी शेवेचा तुकडा. तो तळाला कुजतो आणि तेच पाणी आमच्या कल्ल्यांतून जातं. काचेला नाक लावून हसणारी तुमची तोंडं मी आतून पाहिली आहेत. दातांत अडकलेल्या सुपारीसकट. मला शिसारी येते.

मग मी अंडी तोंडात घेतली. गाल फुगले, खाणं सुटलं.

"हिला गालफुगी झाली," सुग्रीवनी निदान केलं.

राधाकिसनभाऊ वाईट माणूस नाहीत. ते खरंच काळजीत पडले. टँकपुढं उकिडवे बसून म्हणाले, "आपण तरी बोअरचं पाणी पितो का? पाहुणा आला तरी जारचं देतो. मंग ह्यांनी काय पाप केलं?"

जालन्यात जारचं पाणी म्हणजे मान. भाऊंनी टँक अर्ध्यावर आणला आणि दोन जार फिल्टरचं पाणी ओतलं, पाहुणचार केल्यासारखं.

त्या बिनक्षाराच्या मऊ पाण्यात माझे कल्ले जळायला लागले. निळा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातली एक पोट वर करून तरंगली. सुग्रीवनी तिचा फोटो काढला. मला श्वास पुरेना. एक उबळ आली आणि अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिल्लांपैकी दोन माझ्याच घशाखाली गेली. इतके दिवस तुमची किळस करत होते. त्या दिवशी स्वतःची आली.

मेलेली मासोळी काढायला भाऊंच्या घरच्या, प्रेमलाबाई, आल्या. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. माझ्या ओठांच्या फटीतून दोन टाचणीएवढे डोळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"महेमूदभाई, हिच्या तोंडात कायतरी वळवळून राह्यलंय."

"बच्चे हैं भाभी. बिमार न्हाई ती. पाणी कोणतं टाकलं?"

"जारचं."

महेमूदभाई म्हणाले, "बोअरचं टाका. एकदम न्हाई, थोडं थोडं. तिला येगळं ठेवा आन् दगड द्या."

प्रेमलाबाईंनी कपडे भिजवायचा टप घासला आणि मला त्यात घेतलं. दुपारभर एकेक तांब्या बोअरचं पाणी ओतलं, टपात आणि टँकमध्येही. अंगणातले दगड परत आणले.

आज विसावा दिवस. श्वास नीट चाललाय. पिल्लं आतून ढुशा देतायत, त्यांना बाहेर यायचंय. पण टपाभोवती भाऊ, सुग्रीव, शेजारचे दोघं, आणि सगळ्यांचे मोबाईल. इतक्या सावल्या अंगावर असताना आमच्यातली कुठलीच आई तोंड उघडत नाही. पण फार वेळ धरून ठेवलं तर पुन्हा उबळ येईल, आणि मग काय होतं ते मला माहीत आहे.

"बाळंतिणीच्या खोलीत गडीमाणसं उभी राह्यतेत का?" प्रेमलाबाई म्हणाल्या.

भाऊंनी मोबाईल खिशात घातला. शेजारी बाहेर गेले. सुग्रीव हसले. "अक्का, मासोळी हाये ती."

प्रेमलाबाईंनी दोरीवरची साडी ओढून टपावर टाकली.

आता अंधार आहे. दगड आहेत. फक्त एका कडेनं साडी अजून जराशी उचललेली आहे आणि तिथून चिवड्याचं तेल लागलेलं एक बोट आत आलंय.

तेवढं काढा. मला तोंड उघडायचंय.